बयचे धवले आणि दुसरा आर

रोह्याला लागून असलेल्या वरसे गावातल्या आमच्या घरात आवाज किती करायचा हे बाबांच्या शिफ्टवर ठरायचं. बाबा रोह्याच्या एका केमिकल कंपनीत होते. पहिली शिफ्ट असली की आम्हाला दिवसभर मोकळं रान, दुसरी असली की दुपारपर्यंत जरा बेतानं, आणि तिसरी असली की बाबा सकाळी येऊन चहाबरोबर भाकर खायचे आणि पांघरूण डोक्यावर घ्यायचे, ते दुपारी तीनपर्यंत. त्या आठवड्यात आमच्याकडे फोडणीसुद्धा दबकत चुरचुरायची. आई तांदळाच्या भाकरी थापायची त्याही हलक्या हातानं, ताई आणि मी खुणांनी भांडायचो, आणि शेजारची कोंबडी ओट्यावर आली तर मी तोंडातून चकार शब्द न काढता नुसते हात हलवत तिच्यामागे धावायचे. संगणक उघडायला मी शिकले ती या शांततेत. काढलेले स्क्रू ताटलीत वाजू नयेत म्हणून मी ताटलीत आईच्या जुन्या ब्लाउजचा तुकडा अंथरायचे. आजही माझ्या कामाच्या टेबलावर तसा एक तुकडा असतो, आणि गिऱ्हाइकांना वाटतं की ते काहीतरी खास कंपनीचं कापड आहे.

तो संगणक बाबांच्या कंपनीनं मोडीत काढलेला. बाबांनी तो गोणपाटात गुंडाळून, रिक्षात मांडीवर घेऊन आणला. मी तेव्हा बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला केमिस्ट्रीत सपशेल आपटले होते. केमिकल कंपनीतल्या माणसाची मुलगी केमिस्ट्रीत नापास, यावरून बाबांना शिफ्टवर बरंच ऐकावं लागलं असणार, पण ते मला काही बोलले नाहीत. परत परीक्षेला बसेपर्यंत घरात माशा मारण्यापेक्षा म्हणून मी रोह्यातल्या एका हार्डवेअरच्या क्लासला जायला लागले. वर्गात अकरा मुलगे आणि मी. आईला हार्डवेअर म्हणजे खिळे, बिजागऱ्या, कडी-कोयंडे एवढंच ठाऊक. तिनं शेजारी सांगून टाकलं की वैजू खिळ्यांचा कोर्स करते. पुढची दोन वर्षं आळीतल्या बायका मला दाराच्या बिजागऱ्या करकरतात म्हणून बोलवायच्या, आणि मी जायचेही, कारण तेल घालायला असं कितीसं ज्ञान लागतं.

क्लासमध्ये पहिले सहा महिने आम्हाला एकच औषध शिकवलं गेलं असं माझं मत होतं. संगणक सुरू होत नाही? फॉरमॅट मारा. हळू चालतो? फॉरमॅट मारा. त्या काळी आमच्या भागात फॉरमॅट हा शब्द ‘मारणे’ या क्रियापदाशिवाय कुणी वापरलेला मला आठवत नाही. मलाही ते मारायला फार आवडायचं. सगळं पुसलं जायचं, नवी कोरी विंडोज यायची, तो हिरवा डोंगर आणि निळं आभाळ दिसायचं आणि आपण काहीतरी मोठं केलं असं वाटायचं. अशाच एका दुपारी आमचा घरचा संगणक अडकला म्हणून मी तो फॉरमॅट मारला, आणि त्यात ताईच्या साखरपुड्याचे सगळे फोटो होते हे मला निळं आभाळ दिसल्यावर आठवलं. ताई माझ्याशी तीन आठवडे बोलली नाही. चौथ्या आठवड्यात बोलली तेव्हा तिनं मला ‘फॉरमॅटवाली’ हे नाव ठेवलं आणि ते नातेवाइकांत पसरायला एक बारसं आणि एक सत्यनारायण पुरला. मी वरवर हसायचे. पण मला फार लागलं होतं. त्यानंतर मी सरांच्या मागेच लागले, की काहीही न पुसता दुरुस्त करायची रीत मला आधी शिकवा.

सर जेवणाचे शौकीन. त्यांनी मला ते पंगतीच्या भाषेत सांगितलं. सीडी घालून संगणक सुरू केला की पहिल्याच पडद्यावर विचारतात, दुरुस्ती हवी तर आर दाबा. तो आर दाबायचा नाही. पंगतीत वाढपी पहिल्यांदा ‘वाढू का’ म्हणतो तेव्हा आपण नको म्हणतो ना, तसं म्हणायचं. एंटर मारून, जणू नवीनच विंडोज टाकायची आहे असं दाखवत पुढे जायचं. मग तो संगणकात आधीची विंडोज शोधतो. सापडली तर दुसऱ्यांदा विचारतो, ही दुरुस्त करायची तर आर दाबा. आता पान पुढे करायचं. हा दुसरा आर दाबला की विंडोजच्या फायली नव्या येतात आणि माणसांच्या फायली जिथल्या तिथे राहतात. मी विचारलं, आणि त्याला आधीची सापडलीच नाही तर? सर म्हणाले, मग दुसरं वाढप येत नाही, आणि तिथे एस्केप किंवा डी दाबलास तर उपाशी उठशील, म्हणजे जुनं सगळं गेलं. मी हे घरच्या संगणकावर मुद्दाम मोडून मुद्दाम जोडून इतक्या वेळा केलं की बाबा झोपेत कूस वळवून विचारायचे, आज मेला की जगला?

अशात एका सकाळी हमरापूरहून सुमनमावशीचा फोन आला. मावशी आईची धाकटी बहीण. तिच्या घरचा गणपतींचा कारखाना आहे. हमरापुरात तसा तो घरटी एक असतोच. मावशीच्या मुलीचं, रेश्माचं, लग्न आठ दिवसांवर आलेलं, त्यामुळे आईनं फोन उचलला तो साड्यांची तयारी ठेवूनच. पण मावशीला मी हवी होते. त्यांचा संगणक काळा पडला होता आणि पांढऱ्या अक्षरात एकच ओळ दाखवत होता. पेणच्या दुकानदारानं सांगितलं, काय नाय, फॉरमॅट मारू, चार दिवसांनी न्या. मावशीनं तो शब्द ऐकला आणि डबा परत रिक्षात घातला. मी म्हटलं, अगं मावशी, मग मला कशाला बोलवतेस, मी तर फॉरमॅटवाली. त्यावर ती जे बोलली ते मी विसरणार नाही.

“तुझं तोंड दुधानं पोळलंय गो,” ती म्हणाली. “तू ताक फुंकून पिशील. म्हनून तूच ये. या डब्यात बयचे धवले हायत.”

बय म्हणजे मावशीची सासू. सगळा गावच तिला बय म्हणायचा. ती धवलारीण होती. आमच्याकडे लग्नात भटजी नंतर. आधी धवलारीण लागते. हळद दळण्यापासून मुलगी उंबऱ्याबाहेर पडेपर्यंत प्रत्येक विधीला तिचं गाणं असतं, त्यांना धवले म्हणतात, आणि ती गायल्याशिवाय बायका पुढचं काम हातात घेत नाहीत. बयनं धरमतरच्या खाडीपासून पार इकडे नागोठण्यापर्यंत शेकड्यानं लग्नं गायली होती. पण ती कागदावर गाणं लिहू द्यायची नाही. कागदावर लिहिलं की गाणं मरतं, असं तिचं म्हणणं. मावशीनं शक्कल काढली. मूर्तींचे फोटो गिऱ्हाइकांना दाखवायला घरात संगणक आला, तेव्हा ती त्याच्यासमोर बसून म्हणाली, बय, हा काय कागद नाय. बयनं काचेला हात लावून पाहिला आणि तिला ते पटलं. मग तीन वर्षं, कारखान्यातलं काम उरकलं की बय गायची आणि सातवी शिकलेली माझी मावशी एका बोटानं टाइप करायची. साठ-सत्तर धवले झाले असतील. छापायचं मात्र राहूनच गेलं. मागच्या पावसाळ्यात बयला मोठा ताप आला आणि त्यातून ती उठली तेव्हा गाणी तिच्या डोक्यात एकमेकांत मिसळली होती. हळदीचा धवला सुरू करायची आणि तिसऱ्या ओळीला भलत्याच लग्नात पोचायची. आणि आता तिच्या सख्ख्या नातीचं लग्न होतं. मावशीनं ठरवलं होतं की आपण शेजारी बसून ओळ सांगायची, बयनं गायचं. ती ओळ त्या काळ्या पडद्यामागे होती.

मी निघाले. आईनं साड्यांच्या पिशवीत माझे पेचकस घातले आणि वर डांगराचं पीठ. रोह्याहून एस.टी. नागोठणं, वडखळ करत पेणला आली, तिथून सहासीटर. पुलावरून जाताना खाडीचा खारट वारा लागला की समजायचं, आलं. हमरापुरात तेव्हाही रस्त्याच्या दोन्ही अंगांना अंगणात, ओट्यावर, पडवीत पांढऱ्या मूर्ती वाळत असायच्या. सणाला अजून सात महिने होते, पण तिथे सण संपतो आणि दुसऱ्या महिन्यात पुढचा सुरू होतो. मावशीच्या कारखान्यात कॉम्प्रेसर धडधडत होता, फवाऱ्यानं सोंडांना रंग बसत होता, कुणीतरी चाळणीनं पावडर चाळत होतं, आणि या सगळ्यावर ओरडत ओरडत लग्नघर बोलत होतं. आमच्या घरच्या शांततेतून आलेल्या मला तो गोंगाट फार आवडायचा. आत पडवीत रेश्मा हातापायांना कोयऱ्यांची मेंदी कुठवर काढायची यावर शेजारणींशी वाद घालत होती, आणि कोपऱ्यात बय वालाच्या शेंगा सोलत बसली होती. तिनं माझ्या तोंडावरून हात फिरवला आणि विचारलं, तू कोनाची गो? तिनं मला लहानपणी न्हाऊमाखू घातलं होतं. मी आईचं नाव सांगितलं.

आधी रोग कशानं झाला ते शोधायला हवं होतं. काका, म्हणजे मावशीचे यजमान, दाराशी उभे राहून रंगाचे हात फडक्याला पुसत होते, आणि ते फडकं हातांहून जास्त रंगलेलं होतं. फार गोड माणूस. मूर्तीच्या डोळ्यांची आखणी करायला पंचक्रोशीत त्यांच्यासारखा हात नव्हता. मी विचारलं, काका, काही केलं होतं का? ते म्हणाले, काय नाय, जरा साफसफाई केली. लग्नाचे फोटो ठेवायला जागा हवी होती ना. मग हळूहळू सगळं बाहेर आलं. कारखान्यात नियम असतो: बुक झालेल्या मूर्तीवर गिऱ्हाइकाच्या नावाची चिठ्ठी लागते, आणि दाटी झाली की चिठ्ठी नसलेली मूर्ती तिथून हलवायची. काकांनी तोच नियम संगणकाला लावला. सी ड्राइव्ह उघडला. नाव वाचता आलं तर ती फाईल आपली. नाव वाचता आलं नाही तर ती बेवारशी. एका फोल्डरवर रेश्मानं मावशीला इंग्रजीत ‘बय’ लिहून दिलं होतं, त्याला त्यांनी हात लावला नाही. बाकी ज्या नावांत नुसते एन, टी, एल असे अक्षरांचे खडे होते ती सगळी त्यांनी निवडून काढली. “भात निवडल्यावानी,” ते म्हणाले. संगणक मध्येमध्ये नको नको म्हणत होता, पण कामगार नेहमीच नको म्हणतात, असं त्यांना वाटलं.

मला इतकं हसू आलं की मी पेचकस खाली ठेवला. मावशीला मात्र हसू येत नव्हतं. ती माझ्या शेजारी पदराचं टोक बोटाला गुंडाळून बसली होती, सोडत होती, परत गुंडाळत होती. तिनं एवढंच विचारलं, हायत का? मी म्हटलं, असायला हवेत. आज मी कुणालाही आधी सांगते, की दुरुस्ती नंतर, आधी फायलींची दुसरी प्रत काढा. डिस्क सोडवून दुसऱ्या संगणकाला जोडा आणि ऐवज बाहेर काढून घ्या. तेव्हा दुसरा संगणक कुठून आणणार? साधा पेन ड्राइव्ह अख्ख्या पेणमध्ये कुणाकडे असला तर असला. माझ्याकडे होती ती सरांची पंगत.

सीडी मागितली तर मावशीनं देव्हाऱ्याखालचा खण उघडला. संगणकाबरोबर आलेली मूळ सीडी तिथे होती, दर दसऱ्याला पूजा होऊन हळदीकुंकवानं माखलेली. मी ती ओल्या मलमलीनं पुसत होते तेव्हा काका म्हणाले की कुंकू तेवढं राहू दे, शकुनाचं असतं. मी राहू दिलं नाही. सीडी आत गेली, घरघरली आणि निळा पडदा आला. आम्ही तिघं वाकून बघत होतो. पडद्यावर ‘रिपेअर’ हा शब्द आणि शेजारी आर, हे काकांना माझ्या आधी दिसलं. ही काय, हीच की, असं म्हणत त्यांनी माझ्या खांद्यावरून हात घातला आणि आर दाबला. पडदा परत काळा. मावशीनं डोळे मिटून घेतले. मी काकांना सांगितलं की पहिल्या वाढपाला पान पुढे केलंत, आता जरा लांब बसा. तसे ते खरोखरच चार पावलं मागे जाऊन पाटावर बसले, आणि मी संगणक बंद करून पहिल्यापासून सुरुवात केली.

एंटर. मग एफ आठ. मग खाली बारीक अक्षरात, आधीची विंडोज शोधत आहे. इथवर मी शंभरदा आले होते, पण तो माझा संगणक होता, त्यात मी मोडलेलं मला माहीत होतं. काकांनी काय काय निवडून फेकलं होतं ते काकांनाही माहीत नव्हतं. दुसरा आर आलाच नाही तर पुढे फक्त नवं टाकायचा रस्ता उरला असता, म्हणजे निळं आभाळ, म्हणजे धवले गेले. मी ताईच्या साखरपुड्याचा विचार करत होते, तिची ती जांभळी साडी आता फक्त आम्हाला आठवते. आणि मग पडदा बदलला. एक विंडोज सापडली आहे, दुरुस्त करायची तर आर. मी तो आर इतक्या हळू दाबला की बाबा शेजारच्या खोलीत झोपलेले असते तरी उठले नसते.

मग एकोणचाळीस मिनिटं राहिली असं त्यानं सांगितलं, आणि रेश्मानं दारातून सांगितलं की दोन वाजता लोडशेडिंग हाय. भिंतीवरच्या घड्याळात एक वाजून दहा मिनिटं झाली होती. त्या घरानं मग जे केलं ते मी कधी विसरणार नाही. काकांनी कॉम्प्रेसर बंद केला, म्हणे वीज ओढतो. मावशीनं पंखे बंद केले. कुणीतरी ओट्यावरचा दिवाही मालवला, तो भर दुपारी का चालू होता कोण जाणे. शेजारणी कुजबुजायला लागल्या. संगणकाला याचा काडीचा उपयोग नव्हता, पण मला ते सांगवेना. दोनला सात मिनिटं असताना तो आपला आपण बंद होऊन सुरू झाला आणि पडद्यावर काकांनी लावलेला त्यांच्याच एका गणपतीचा फोटो आला. हिरवा डोंगर नाही, निळं आभाळ नाही. घर तसंच होतं. मी ‘बय’ फोल्डर शोधला, तो दिसला, मावशीला बोट करून दाखवला, आणि तेवढ्यात वीज गेली. दोनला अजून पाच मिनिटं होती, म्हणजे वीज मंडळाचं घड्याळ आमच्या घड्याळाच्या पुढे होतं.

आता दोन तास थांबायचं. काका म्हणाले, तर मग पोपटी लावू. पोपटी खरी संध्याकाळची, पण लग्नघराला कसली वेळ. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला अंथरला, त्यावर मीठ-ओवा लावलेल्या वालाच्या शेंगा, मध्ये अंडी, बटाटे, परत पाला. मडकं अंगणात उपडं घातलं आणि वर पेंढा पेटवला. मडक्यावर पाणी शिंपडलं की चर्र वाजतं आणि झाली का नाही ते काकांना कानानं कळतं. पानाच्या वासानं मला एवढी भूक लागली की मी बोटं भाजून घेत तीन अंडी खाल्ली. मावशीनं मात्र एक शेंग हातात घेतली आणि ती तशीच धरून बसली. फोल्डर दिसला ना, मी तिला म्हणत होते. ती म्हणाली, डबा दिसला गो, आतलं कुठं बघितलं.

तिचं खरं ठरलं. चारला वीज आली, मी फोल्डर उघडला, पहिली फाईल उघडली, आणि पडद्यावर इंग्रजी अक्षरांचा कचरा. ओळीच्या ओळी, लहान-मोठी अक्षरं, मध्येच अर्धविराम, मध्येच कंस. दुसरी फाईल, तसंच. तिसरी, तसंच. मराठीचं एक अक्षर नाही. मी म्हणाले, काका, आणखी काय काढलं होतंत? ते पाटावरूनच म्हणाले की एका फोल्डरात शेकड्यानं फायली होत्या, सगळ्यांवर नुसतं टी टी, टी टी लिहिलेलं. एकच नाव एवढ्यांना कसं असेल, म्हणून जेवढ्या निघाल्या तेवढ्या काढल्या. ते फॉन्ट होते. त्यांत मावशीचा मराठी फॉन्टही गेला होता. आज हे मी कुणाला चहा पिता पिता दुरुस्त करून देईन. तेव्हा क्लासमध्ये फॉन्ट हा धडा यायचा होता. मला वाटलं, दुरुस्तीतच माझ्या हातून गाणी मोडली. एकवीस वर्षांची घोडी मी, लग्नघराच्या पडवीत तोंड झाकून रडायला लागले.

मावशी रडली नाही. ती चष्मा नाकावर घेऊन पडद्याजवळ गेली. सुटी अक्षरं सोडली तर तिला इंग्रजी वाचता येत नाही, अजूनही येत नाही. पण तीन वर्षं तिनं एका बोटानं कुठली कळ दाबली की कुठलं अक्षर उमटतं एवढंच पाहिलं होतं. तिनं बोट पहिल्या अक्षरावर ठेवलं.

“ई म्हंजी म,” ती म्हणाली. “के म्हंजी काना. ए, तो वरचा टिंब. मोठा एम म्हंजी ड. आन् ओ तो व.” ती थांबली. “मांडव. वैजू, हा मांडव हाय गो.”

मी रडायची थांबले. तिचं बोट पुढे सरकत गेलं. आधी अक्षर अक्षर, मग शब्द शब्द, आणि ओळ लागल्यावर पुन्हा पहिल्यापासून ती त्या कचऱ्यातून सरळ चालीवर वाचायला लागली:

“मांडवाच्या दारी कोन गो उभी,
हळदीची वाटी हाती गो धरी...”

“वाटी नाय गो,” कोपऱ्यातून बय म्हणाली. “ताट.”

मावशी वळली. म्हणाली, बय, तुम्हीच वाटी सांगितलेली. बयनं मांडीवरची शेंगांची साल झटकली आणि जरा रागानंच म्हणाली, “ती दुसऱ्याची पोर व्हती. ही माझी रेश्मा हाय. वाटीनं काय व्हतंय?” आणि तिनं तो धवला ताटानं उचलला आणि शेवटपर्यंत नेला, एकदाही दुसऱ्या लग्नात न शिरता. पहिली ओळ तेवढी कुणीतरी हातात द्यायला हवी होती. शेजारणींनी मागून धरलं, काकांनी पाटावर ताल धरला, रेश्मा नमुन्याची मेंदी काढलेले हात वर करून आत आली आणि रडत रडत हसायला लागली. मी इतकी आनंदात होते की मला काय करावं कळेना, म्हणून मी उरलेलं चौथं अंडंही खाल्लं.

दुसऱ्या दिवशी पेणच्या टायपिंगच्या दुकानातून फ्लॉपीवर फॉन्ट आणला आणि कचऱ्याची मराठी झाली. मावशीनं विचारलं, वाटी पुसून ताट लिहू? मी म्हटलं, पुसायचं काही नाही, दोन्ही ठेव. लग्नात ती छापलेले कागद पदराखाली लपवून बयच्या शेजारी बसली आणि ओळ अडली की कानात सांगत राहिली. हळदीच्या धवल्यात नवरीच्या माणसांची नावं येतात: आई, बाप, मामा, मावशी. ती सगळी झाल्यावर बय थांबली नाही. सुमनमावशीकडे न बघता, कुठल्याही कागदात नसलेली ओळ तिनं गायली:

“रोह्याची वैजू गो आली धावून,
बयची गानी गो दिली आनून.”

पन्नास-साठ बायकांनी ती मागून म्हटली. त्यांत ताई होती. त्यानंतर मला फॉरमॅटवाली कुणी म्हटलं नाही, ताईनं तर नाहीच.

बय त्यानंतर तीन वर्षं होती. मावशीनं ती ओळही मग टाइप करून ठेवली. तो संगणक कधीच गेला, पण त्या फायली एका यंत्रातून दुसऱ्यात करत आज माझ्याकडे आहेत, तीन ठिकाणी तीन प्रती, आणि नव्या फॉन्टात मीच बसून उतरवलेल्या. उतरवताना मावशीच्या टायपिंगच्या चुका मी सगळ्या दुरुस्त केल्या. त्या ओळीत तिनं माझं नाव ऱ्हस्व उकारानं लिहिलंय, ‘वैजु’. तेवढी एक मी तशीच ठेवली आहे.